गाव : इतर

सुरुवातीलाच माफी मागतो. नोकरीच्या आठवणी लिहायच्या तर माणूस निदान निवृत्त तरी असावा. मी बावीस वर्षांचा आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझी सगळी नोकरी दीड वर्षाची. तीही अशी, की तिचं नाव आमच्या घरात अजून कुणाला नीट सांगता येत नाही. बाबा सांगतात, "कंपूटरमधी हाय." आई सांगते, "लेकरायला शिकवतो." दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. यंदाच्या जयंती विशेषांकासाठी लिही, असं आमच्या पुसेगावच्या वाचनालयाचे काका म्हणाले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, काका, या अंकात दरवर्षी रिटायर झालेले पोस्टमास्तर लिहितात, नर्सबाई लिहितात, कंडक्टर लिहितात. त्यांच्या पंक्तीत मी काय लिहू? काका म्हणाले, "त्यायनी तीस वर्षं चार पानांत बसवली. तुला दीड वर्ष बसवायचं हाय. तुला तर जागा जास्ती हाय." माझ्याआधी घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं तपासून द्यायला घरी कुणी नाही. चुका वाचणाऱ्यांनीच पोटात घालाव्यात.

माझ्या कामाचं नाव होतं 'टॅब-मित्र'. कळमनुरीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की गायरानावर पत्र्याच्या शेडच्या चार रांगा होत्या. तिथं मोहगव्हाणची माणसं राहत. त्यांचं गाव साठवण तलावात गेलं. आमच्याकडे याला 'गाव उठलं' म्हणतात. पंगतीतून माणूस उठावा तसं गाव उठतं, फक्त पोट भरायच्या आधी. नव्या गावठाणाच्या जागेवर एका खांबाला 'नियोजित शाळा' अशी पाटी होती आणि पाटीपलीकडे गुडघाभर गवत. सर्वांत जवळची शाळा नाल्यापलीकडे. नाल्याला पाणी असलं की मुलं जात नसत, आणि पाणी ओसरेपर्यंत जायची सवय मोडलेली असे.

एका संस्थेनं तिथं बारा टॅब, ते ठेवायला पत्र्याची पेटी, उन्हावर भरणारी बॅटरी आणि मला पाठवलं. बाहेरच्या माणसाला काम समजावून सांगायचं तर असं: टॅबमध्ये पाचवीपर्यंतची गणितं, धडे, गोष्टी आधीच भरलेल्या असत, त्यामुळे रोज नेट लागत नसे. मूल आपल्या फोटोवर बोट ठेवून आत जाई, आणि त्याला जिथपर्यंत येतं तिथून टॅब त्याला पुढं नेई. ते काय वाचतं, कुठं अडतं, हे आत साठत जाई. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, मी पेटी कळमनुरीला नेऊन नेटच्या दुकानात बसे आणि साठलेलं सगळं पुण्याच्या कार्यालयाला पाठवी. कार्यालय त्याला सिंक म्हणे. शेडवरची माणसं 'टपाल' म्हणत.

बाकी माझं काम म्हणजे टॅब पुसणं, बॅटरीला ऊन लागतंय का पाहणं आणि एका टॅबवर तीन मुलं भांडत असतील तर दोघांना उठवणं. एकदा शेळीनं चार्जरची वायर चावून टाकली. असं काही झालं की टॅबमधल्याच यादीतून कारण निवडून कळवावं लागे. यादीत पाऊस होता, चोरी होती, हातातून पडणं होतं. शेळी नव्हती. मी 'इतर' निवडलं.

हा 'इतर' शब्द पुढं फार लागणार आहे, म्हणून तो पहिल्यांदा कसा आला ते सांगतो.

पहिल्या दिवशी चौतीस मुलांची नोंद करायची होती. नाव, वय, इयत्ता आणि गाव. गाव लिहायचं नव्हतं, यादीतून निवडायचं होतं. तालुक्यातल्या गावांची यादी मी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. मोहगव्हाण नव्हतं. कुणीतरी उठलेली गावं आधीच गाळली असावीत. यादीच्या तळाशी एकच आसरा होता: 'इतर'. मी त्यावर बोट ठेवलं. टॅबनं विचारलं, 'सर्वांना लागू करायचे?' चौतीस वेळा तेच करणं वाचलं म्हणून मी खूश होऊन 'होय' दाबलं.

माझ्यामागं गंगाराम आबा उभे होते. मोहगव्हाणचे जुने कोतवाल. गावात दवंडी द्यायचं काम त्यांचं. गाव गेलं तरी सवय गेली नव्हती, शेडवर काय चाललंय ते आधी त्यांना कळावं लागे.

"काय टाकलं गाव?" आबांनी विचारलं.

"इतर."

"हे कुटं आलं?"

"आबा, यादीत मोहगव्हाण नाही. इतर म्हणजे... बाकीचे."

आबांनी मुलांकडं तोंड केलं आणि दवंडीच्या सुरात आवाज दिला, "ऐका हो ऐका! आजपासून आपण समदे इतर गावचे हो!"

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून शेडचं नावच इतर पडलं. कळमनुरीच्या बाजारातून येणारी बाई रिक्षावाल्याला सांगे, "इतरला सोड रे बाबा." जवळा बाजारच्या एका सोयऱ्यानं तर लग्नपत्रिकेवर 'मु. पो. इतर' असं लिहून पाठवलं. सव्वा वर्ष हा विनोद चालला. मला तो आवडत होता, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

टॅबमध्ये एक बाई बोलत असे. गोड, शहरातला आवाज. मूल मोठ्यानं वाचे आणि बाई ऐके. बरोबर असलं तर टाळ्या वाजत. चुकलं की बाई म्हणे, "पुन्हा प्रयत्न करा." पहिल्याच आठवड्यात मुलांनी तिचं नाव पुन्हाबाई ठेवलं.

या पुन्हाबाईशी सगळ्यांत जास्त भांडली ती अश्विनी. बारा वर्षांची, शेडवरच्या मुलांत सर्वांत मोठी. चौथी पास झाली आणि गाव उठलं, तेव्हापासून घरीच. तिच्या धड्यात एक वाक्य होतं, 'मला भीती वाटत नाही.'

"मला भीती वाटत न्हाई," अश्विनी वाचे.

"पुन्हा प्रयत्न करा."

"मला भीती वाटत न्हाई!"

"पुन्हा प्रयत्न करा."

आबांना राहवेना. "काहून? बराबर वाचून राहिली की लेक! बाईच्या कानात बोळे हायत का?"

"आबा, तिला 'नाही' पायजे," मी म्हटलं.

"मंग आमी काय 'व्हय' म्हणून राहिलो का?"

अश्विनीनं टॅब तोंडापाशी नेला आणि अगदी मायेनं म्हणाली, "बाई, तुमीच एकडाव म्हणून दाखवा बरं, न्हाई." त्या दिवशी पुढचा तास कुणीच शिकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ती धाकट्यांना ओळीनं बसवून सांगत होती, "पुन्हाबाईम्होरं नाही म्हणायचं, घरी न्हाई म्हणायचं. ती पाव्हणी हाय, तिला आपलं समजत न्हाई." संस्थेनं मला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं.

टॅबमध्ये 'माझे गाव' नावाचा पाठ होता. मुलानं आपल्या गावाबद्दल बोलायचं आणि टॅब ते साठवी. एक सहा वर्षांचं लेकरू बोललं, "आमच्या गावात पत्रे आहेत. पत्रे तापतात." त्याला दुसरं गाव आठवतच नव्हतं. आबांनी ते ऐकलं आणि टॅब त्याच्या हातातून घेतला.

"तुह्या त्या यादीत मपलं गाव न्हाई ना? मंग तोंडानं सांगतो. ठिव."

आणि आबा बोलता बोलता वेशीतून आत शिरले. डाव्या हाताला सुताराचं घर, दारात चिंच. चिंचेला झोका, त्याचा एक दोर कायम आखूड. तिथून वर शाळा, शाळेच्या भिंतीवर पुसट झालेला भारताचा नकाशा. "तितून खाली बौद्धवाडा. विहाराच्या मागं आड. त्या आडाचं पाणी गावात सगळ्यात गोड. आमच्या आळीनं ते लय वर्षं पेलं न्हाई." इथं आबांनी टॅबकडं पाहिलं. टॅबवरचा लाल ठिपका चालू होता. "गाव उठायच्या टायमाला मातर समदे तितंच भरून राहिले."

ते मी माझ्या खोलीवर नेऊन लिहून काढलं, छापून आणलं आणि मुलांना वाचायला दिलं. मग काय, मोठ्यांची रीघ लागली. आबांनी माझं घर गाळलं, आबांनी पिंपळ चुकीच्या बाजूला सांगितला, माझंही ठेवून घ्या. अश्विनीची आई सुमनबाई शेतांची नावं सांगायला आली. एकही शेत नंबरानं सांगितलं नाही तिनं. उंबराचं, कोल्ह्याचं, सासूबाईच्या हट्टाचं. मुलं ती पानं टॅबमधल्या गोष्टींपेक्षा भराभर वाचत, कारण त्यात मामाचं नाव येई, घरच्या म्हशीचं नाव येई. दुपारी बाभळीखाली पेटी उघडलेली, बारा टॅब बारा गुडघ्यांवर, त्यांवर ती छापील पानं, आणि मोठी माणसं मुलांच्या पाठीमागं उभी राहून आपलंच गाव त्यांच्या तोंडून ऐकतायत. मी पुढं कितीही नोकऱ्या केल्या तरी तशी दुपार मिळेल असं वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळा लागता लागता अश्विनीचे वडील ज्ञानबा यांनी ऊसतोडीला जायचं ठरवलं. तिथल्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाचा ट्रक दसऱ्यानंतर येणार होता. अश्विनीनं सोबत जायचं, धाकट्या भावाला सांभाळायचं आणि भाकरी थापायच्या. मी सुमनबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "शाळेत नाव लागलं तर ठिवते सर. राहायची सोय असंल तर आजच ठिवते. पण पत्र्यात एकटी पोरगी कुणाच्या भरवशावर ठिवू?"

राहायची सोय असलेली मुलींची शाळा तालुक्यात होती आणि तिथं सहावीत धरणग्रस्तांसाठी एक जागा रिकामी होती. दोन कागद पाहिजे होते. वडिलांचा प्रकल्पग्रस्त दाखला आणि पाचवीपर्यंतचा अभ्यास झाल्याचं आमच्या संस्थेचं प्रमाणपत्र. पाचवीचा बराच भाग राहिला होता. अश्विनीनं तो दोन महिन्यांत संपवला. शेवटच्या धड्याला पुन्हाबाईनं टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनं टॅब उलटा ठेवला आणि म्हणाली, "बस झालं बाई, आता हात दुखतेल तुमचे."

प्रमाणपत्र आपोआप तयार होऊन आलं. ते रंगीत छापून ज्ञानबा, अश्विनी आणि मी शाळेत गेलो. कार्यालयातल्या बाबूंनी चष्मा पुसून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"गाव : इतर," त्यांनी वाचलं. "हे कुठल्या सर्कलमध्ये येतं हो?"

मी हसलो. सवयीनं. ते हसले नाहीत.

"बापाच्या कागदावर मोहगव्हाण, पोरीच्या कागदावर इतर. जागा धरणग्रस्ताची. इतर नावाचं गाव कोणत्याच धरणात गेलेलं नाही. दुरुस्त करून आणा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जागा ठेवतो." माणूस वाईट नव्हता. त्यांनी अश्विनीला प्यायला पाणीही दिलं.

परत येताना एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "सर, मी हातानं लिहू का, मोहगव्हाण?"

"हातानं लिहिलेलं चालत नाही."

"मंग बोललेलं?"



नोंदणीच्या वेळी टाकलेलं गाव नंतर आम्हाला बदलता येत नसे. मी पुण्याला मेल केला. उत्तर आलं, 'आपली विनंती नोंदवली आहे.' मी पुन्हा केला, पुन्हा तेच आलं. शेवटी तिथल्या एक ताई फोनवर हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, आमच्या हातात असतं तर आत्ता केलं असतं. ज्यांनी हे ॲप बनवलं त्यांच्याकडं पाठवलंय. राज्यभरातून 'इतर'मध्ये मुलं आहेत. त्यातून तुमची वेगळी काढायचीत." राज्यभर माझ्यासारखी किती बोटं त्या एका शब्दावर पडली असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सुमनबाई रोज विचारत, "टपाल आलं का सर?" मी रोज 'अजून नाही' म्हणे.

अशातच दसरा आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी मला गावी जायचं होतं, म्हणून मी पेटी सुमनबाईंकडं ठेवून दोन दिवस सुट्टीवर गेलो. परत येऊन झाकण उघडलं तर बाराही टॅबांना हळद-कुंकू, वर झेंडूची फुलं. खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-विळ्यांची पूजा करतात, तशी बायांनी टॅबांची केली होती.

"लेकरायचं हत्यार हाय ते," सुमनबाई म्हणाल्या. "त्याला काहून वगळायचं?"

मी फडकं घेतलं. अकरा टॅब पुसून निघाले. बाराव्याच्या आवाज ऐकायच्या बारीक भोकात कुंकू बसलं होतं. तो सगळं दाखवी, बोले, पण त्याला ऐकू येईना. आबा म्हणाले, "पुन्हाबाईचा एक कान गेला."

आठवड्यानं भरदुपारी ट्रक आला. भांडी, गाठोडी, एक शेळी, सायकल असं सगळं चढलं. मी तो बारावा टॅब आणि चार्जर पिशवीत घालून अश्विनीच्या हातात दिला. नियमात बसत नव्हतं. नोंदीत मी लिहिलं, 'नादुरुस्त. कारण : इतर.' कुंकू यादीत नव्हतं.

"ऐकत नाही तो," मी म्हटलं, "पण सहावीचं थोडं टाकलंय आत. वाचत राहा."

"बरं झालं सर," ती म्हणाली. "आता न्हाई म्हटलं तरी चालंल."

ट्रक गेल्यावर आबा बराच वेळ रस्त्याकडं तोंड करून उभे होते. दवंडी दिल्यावर माणूस उत्तराची वाट बघत उभा राहतो तसे.

आठवडाभरानं दुरुस्त प्रमाणपत्र आलं. 'गाव : मोहगव्हाण.' छान, ठळक अक्षरात. ते घेऊन मी त्या शाळेत धावलो. बाबूंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, मान डोलावली आणि विचारलं, "पोरगी कुठं आहे?"

ते प्रमाणपत्र अजून माझ्या फायलीत आहे. ज्ञानबांचा फोन लागत नव्हता. जानेवारीत संस्थेचा प्रकल्प संपला, अकरा टॅब मी परत केले आणि हिंगोलीला कॉलेजात जाऊन बसलो. लोक विचारत, काम कसं होतं? मी 'चांगलं होतं' म्हणे. शेळीची गोष्ट सांगे, पुन्हाबाईची सांगे. इतरची मात्र आता सांगवत नव्हती.

गेल्या महिन्यात पुण्याच्या त्याच ताईंचा फोन आला.

"तुमचा बारावा टॅब नादुरुस्त लिहिलाय ना?"

"हो."

"मग काल त्यातून सिंक कसं झालं? तुमच्या 'इतर' गावात अकरा नवीन मुलं वाढलीत. आवाज पण आहेत. पाठवते, तुम्हीच ऐका."

कॉलेजच्या जिन्यात बसून मी पहिला आवाज लावला. मागं वारा, लांबवर कारखान्याचा भोंगा. एक बारीक आवाज आपलं नाव सांगून म्हणाला, "मपलं गाव पुसेगाव." पुसेगाव. माझंच गाव. आमच्याच गावातून कुणाचं लेकरू उसात गेलं होतं आणि मला माहीत नव्हतं. तेवढ्यात पलीकडून ओळखीचा आवाज आला, "तालुका राहिला. पुन्हा प्रयत्न करा."

"तालुका सेनगाव!"

मग दोन हातांच्या टाळ्या.

अकरा मुलांची अकरा गावं. तालुके वेगळे, जिल्हेसुद्धा वेगळे. प्रत्येकाला तिनं तालुका आणि जिल्हा पूर्ण सांगेपर्यंत सोडलं नव्हतं. बारावा आवाज तिचा.

"सर, मी अश्विनी. पुन्हाबाईच्या कानातलं कुंकू सुईनं काढलं. आता ऐकून राहिली. मुकादमाच्या फोनवरून टपाल टाकून राहिले. ही लेकरं इथल्या ऊसतोड्यायच्या कोप्यांवरची हायत. आमी उसातून आलो की सांच्याला शिकवते. यायची गावं यादीत निघंनात, म्हणून इतर टाकलं. पण एकेकाचं गाव बोलून घेतलंय. तुमी लिहून ठिवा, न्हाईतर मपल्यावाणी व्हईल."

इथं ती थांबली. कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती "आले" म्हणाली आणि परत टॅबजवळ आली.

"मपलं बी नाव लागलं सर, इथल्या शाळेत. सहावीत. सोमवारपासून उसात न्हाई जायचं, आई व्हय म्हणली. हेडबाईनी इचारलं, गाव कोणतं? मी सांगितलं. त्यायनी हातानंच लिहिलं."